जाहिरातीला उत्तर देणारा माणूस

प्रिय रेवा आणि निहार,

गेल्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं माझ्याशी बोलत होता, आणि रेवाच्या चष्म्याच्या काचेत मला दुसराच एक पडदा हलताना दिसत होता. निळसर, लहानसा, पाण्यात चांदणं पडावं तसा. मी काही बोलले नाही, कारण माझ्याही पाठीमागे टीव्ही चालूच होता. मग रेवानंच विचारलं, "आजी, तुमच्याकडे लोक टीव्ही बघताना हातात फोन घेऊन बसतात का गं? आमच्या कंपनीत सध्या सगळं त्याच्यावरच चाललंय. मोठ्या पडद्यावर जाहिरात लागली की माणसानं हातातल्या छोट्या पडद्यावरून तिला काहीतरी उत्तर द्यावं, एवढ्यासाठी सगळी धडपड." मी म्हटलं, "बसतात." पण एवढ्या एका शब्दावर तो प्रश्न मिटवणं मला बरं वाटलं नाही, म्हणून आज दुपारी सगळं आवरून हे लिहायला घेतलं. कारण जाहिरातीला मनापासून, अगदी पाहुण्याला द्यावं तसं उत्तर देणारा माणूस साऱ्या खान्देशात एकच आहे, आणि तो आपल्या नात्यातला आहे.

ते म्हणजे तुमच्या आजोबांचे मावसभाऊ. मूळचे धुळ्याचे, लग्नानंतर जळगावला आले आणि आपल्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहिले. सगळे त्यांना नाना म्हणतात आणि त्यांच्या बायकोला नानी. तुम्ही त्यांना अगदी लहानपणी पाहिलं आहे. चेहरा कदाचित आठवणार नाही, पण आवाज कुठेतरी राहिला असेल. तो आवाज एकदा कानात गेला की बाहेर पडत नाही.

नानांचा धंदाच आवाजाचा. एक रिक्षा, तिच्या टपावर दोन भोंगे आणि आत हातात माइक घेऊन नाना. कापडाचं दुकान, नवा सिनेमा, कपाशीचं बियाणं, डोळ्यांचं शिबिर, जे असेल त्याची ते जाहिरात करत. इतरांच्या रिक्षांत टेप वाजत असे, तेच वाक्य, तोच सूर, तेच संगीत. नानांना टेप हा अपमान वाटे. आपला नव्हे, ऐकणाऱ्याचा. "ज्याच्या दारावरून जायचं त्याच्याशी बोलायचं नाही, ही कुठली रीत, वहिनी?" असं ते मला विचारत. म्हणून प्रत्येक गल्लीत ते त्या गल्लीपुरती वेगळी जाहिरात करत. "अक्का, पोरीचं जमलं म्हणे, अभिनंदन! शालू आलेत, नजर टाकून जा." "आबा, धोतरं आलीत. काठ तुमच्या पसंतीचा." आणि मौज अशी की गल्लीही उत्तर देई. एखादी बाई गच्चीवरून हाक मारे, "नाना, मागच्या साडीचा रंग गेला हो!" की लगेच भोंग्यातून चार गल्ल्यांना ऐकू जाईल असं उत्तर येई, "कळवतो अक्का, आजच शेठला कळवतो. बदलून मिळेल!" कापड दुकानाचे शेठ कपाळावर हात मारून घेत, पण दिवाळी आली की पुन्हा नानांनाच बोलावत. त्या जाहिरातीचा शेवट ठरलेला असे. भोंग्यावर बोलतो तो माणूस ओरडतो, असा आपला समज. नाना त्या जागी आवाज उलट खाली आणत आणि सावकाश म्हणत, "या. बसा. बघा. घाई नाही."

जळगावचा उन्हाळा तुम्हाला सांगून कळायचा नाही. दुपारी दारं लोटलेली, खिडक्यांना वाळ्याचे ओले पडदे, आत हिरवट अंधार आणि मातीचा वास. त्या अर्धवट झोपेत कुठूनतरी लांबून ती चार वाक्यं यायची. कधी वाटे रिक्षा येतेय, कधी वाटे गेली, कधी वाटे स्वप्नच पडलं. तुमचे बाबा लहान असताना त्या "घाई नाही"वर हमखास झोपून जात. मी आमच्या कॉलेजात इंग्रजी कविता शिकवत असे, लय म्हणजे काय ते फळ्यावर खुणा करून दाखवत असे, आणि दुपारी घरी येऊन त्या कापड दुकानाच्या जाहिरातीवर डोळे मिटत असे.

पुढे भोंग्यांवर निर्बंध आले, रस्ते भरून गेले आणि नानांची रिक्षा थांबली. त्यांचा आवाज मात्र शेठनी सोडला नाही. त्यांनी तो ध्वनिमुद्रित करून घेतला आणि गावातल्या केबलच्या वाहिनीवर लावला. रोज संध्याकाळी बातम्यांच्या आधी साड्यांचे पदर हळूहळू उलगडत जात आणि त्यांच्यावरून नानांचा आवाज जाई. एवढ्या मोठ्या गावात त्या आवाजाला उरलेली ती एकच जागा. त्या वेळी नानी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी थापत असली तर तिचा हात थांबे. जाहिरात संपली की पुन्हा थापटणं सुरू होई. याविषयी त्या दोघांत कधी एक शब्द झालेला मी ऐकला नाही.

स्वतः नाना जाहिराती कसे बघत, तेही सांगते. लोक मालिका बघतात आणि जाहिरात लागली की उठतात. नानांचं उलट. मालिका लागली की ते उठून पाणी पिऊन येत, दारात उभे राहत, कढीपत्त्याला पाणी घालत, आणि जाहिरात लागली की लगबगीनं येऊन खुर्चीत बसत. "माणूस आपल्याशी बोलतोय आणि आपण उठून जायचं?" हा त्यांचा प्रश्न. मालिकेतली माणसं एकमेकांशी बोलतात, त्यांच्यात आपण कशाला नाक खुपसायचं? पण जाहिरातीतला माणूस थेट आपल्या डोळ्यांत बघून बोलतो. त्यानं विचारलं, "तुमच्याही घरी भिंतींना ओल येते?" की नाना शांतपणे सांगत, "न्हाणीघराच्या बाजूला येते थोडी. बाकी ठीक आहे." एखाद्या गोऱ्यागोमट्या मुलीनं विचारलं, "आज तुम्ही स्वतःसाठी काय केलंत?" तर ते खरोखर विचारात पडत. नानी स्वयंपाकघरातून मला म्हणे, "देखा अक्का, टीव्हीनी इचारं का लगेच जवाब देस. मी इचारं का बहिरा होस!"

अशा माणसाच्या हाती त्यांच्या पुण्याच्या मुलानं मोठा फोन दिला. नेमक्या त्याच सुमाराला टीव्हीही बदलला होता. आता तो नुसता विचारत नव्हता, उत्तराची वाट बघत होता. प्रश्नमंजूषेतला माणूस म्हणायचा, घरबसल्या तुम्हीही खेळा. गाण्याच्या स्पर्धेतली बाई म्हणायची, तुमचा आवडता गायक तुम्हीच निवडा. जाहिरातीच्या कोपऱ्यात काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन यायचा, त्याच्यासमोर फोन धरला की दुकानच उघडायचं. नानांना याचं जराही नवल वाटलं नाही. एवढी वर्षं आपण बोलत होतो, आज त्याला ऐकू आलं, इतकाच त्यांचा भाव होता. त्या चौकोनाची मात्र त्यांना पंचाईत होई. चष्मा शोधून, गुडघ्यावर हात टेकून, उठून टीव्हीपर्यंत पोचेपर्यंत चौकोन नाहीसा झालेला असे. "अरे, थांब ना बाबा जरा!" असं ते पडद्याला म्हणत, आणि तिथेच उभे राहून पुढच्या जाहिरातीची वाट बघत. आम्हाला मग सारी मालिका त्यांच्या पाठीवर बघावी लागे.

एकदा ठिबक सिंचनाच्या जाहिरातीनं फोनवर विचारलं, "आपली बाग केवढी?" खोटं बोलायचं नाही आणि प्रश्न तसाच सोडायचा नाही, हा नानांचा नेम. त्यांनी पर्याय वाचले आणि सगळ्यांत वरचा निवडला, "एक एकरापर्यंत". तिसऱ्या दिवशी चोपड्याच्या बाजूनं एक विक्रेता फटफटीवर धुळीनं माखून आला आणि बाग दाखवा म्हणाला. नानांनी त्याला मोठ्या आदरानं गच्चीवर नेलं. तिथे तुळस होती, कढीपत्ता होता आणि तेलाच्या डब्यात लावलेलं केळीचं एक रोप होतं. विक्रेता बराच वेळ त्या केळीकडे बघत राहिला.

"आबा, तुम्ही एकरापर्यंत लिहिलं होतं ना?"

"हो ना. मग ही काय एकराच्या बाहेर गेली का?"

तो माणूस रागावला असता तर त्याची काही चूक नव्हती. पण तो तिथेच टाकीला टेकून बसला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मग जेवूनच गेला. अजूनही जळगावला आला की नानीच्या हातची शेवभाजी खाल्ल्याशिवाय तो परत जात नाही. केळीला थेंब थेंब पाणी देणारी नळी त्यानंच पुढे कधीतरी स्वतः लावून दिली.

मग फोन ऐकतो अशी शंका नानीला आली. तिनं एकदा गुडघे दुखतात असं नुसतं म्हटलं, आणि संध्याकाळी नानांच्या फोनवर गुडघ्याच्या तेलाची जाहिरात. दुसऱ्या दिवशी ती शिरपूरच्या नणंदेकडे जायचं म्हणाली, तर बॅगांची जाहिरात. तेव्हापासून ती काही खासगी बोलायचं असलं की फोनवर आधी पितळी पातेलं पालथं घाले. "हाई डबडं ऐकस बरं का, अक्का," असं मला डोळे मोठे करून सांगे. नानांना मात्र त्यात भिण्यासारखं काही दिसेना. ते पातेल्याकडे बघून म्हणाले, "ऐकू दे की. म्हातारपणी कुणी एवढं लक्ष देऊन ऐकतं का?"

मला या सगळ्याची गंमत वाटे, आणि एक वेगळीच हुरहूरही. पूर्वी जाहिरात गल्लीत यायची, आता ती खिशात येते. गल्लीत यायची तेव्हा सगळ्यांना एकच ऐकू येई, आणि रंग गेलेल्या साडीची तक्रार सगळ्यांच्या देखत होई. आता ती प्रत्येकाला बाजूला घेऊन कानात वेगळं काहीतरी सांगते. कधीकधी संध्याकाळी मी आपल्या गॅलरीत उभी राहते. समोरच्या घरांच्या खिडक्यांत टीव्हीचा उजेड हलत असतो, आणि प्रत्येक उजेडाखाली आणखी लहान लहान उजेड, कुणाच्या मांडीवर, कुणाच्या उशीशी. सारी गल्ली पाण्याखाली गेल्यासारखी निळी आणि शांत दिसते.

गेल्या नवरात्रात एक गोष्ट घडली. कापड दुकान आता शेठचा मुलगा बघतो. मुलगा सालस आहे, नानांच्या रिक्षात बसून लहानपणी गावभर फिरलेला आहे. तो घरी आला आणि बराच वेळ चहाच्या कपाशी खेळत राहिला. शेवटी म्हणाला, "नाना, नवी जाहिरात करतोय. हल्ली संगणक आवाज तयार करून देतो. मराठी, हिंदी, गुजराती, अहिराणी, जी पाहिजे ती भाषा. पण तुमचा आवाज काढायला माझा जीव होत नाही. म्हणून मी ठरवणारच नाही. रविवारी संध्याकाळी केबलवर दोन्ही आवाज लावणार. बघणाऱ्यांनी तिथल्या तिथे फोनवर बटण दाबायचं. लोकांना जो आवडेल तो राहील."

नानांनी तो नवा आवाज ऐकायला मागितला. मुलानं फोनवर लावला. तीच चार वाक्यं, गोड, गुळगुळीत, कुठे म्हणून खरखर नाही. नानांनी डोळे मिटून ऐकलं.

"छान बोलतो," ते म्हणाले. "पण श्वास घेत नाही रे. दमेल तो."

हसण्यावारी नेलं, पण त्या आठवड्यात त्यांनी फिरायला जाणं सोडलं. नानी मला म्हणाली की झोपेत काहीतरी पुटपुटतात. मी काय समजायचं ते समजले. दुकानाकडून त्यांना काही मिळत होतं अशातला भाग नव्हता. संध्याकाळची ती घटका गेली की जन्मभर ज्या गावाशी ते बोलले त्या गावात त्यांचा आवाज कुठेच उरणार नव्हता.

ही बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही, आणि मग जे झालं ते फक्त आपल्याकडेच होऊ शकतं. प्रत्येक जण म्हणाला, "नाना, काळजी करू नका, आम्ही आहोत ना." आता, बटण कुठूनही दाबता येतं. घरी, दुकानात, बसमध्ये. पण नानांचं काम, आणि आपण आपल्या घरी बसून बटण दाबायचं? ते कुणाच्या मनालाच पटेना. साखरपुड्याला घरूनच आशीर्वाद पाठवल्यासारखं ते झालं असतं. त्यामुळे रविवारी संध्याकाळी सगळे नानांच्या घरी आले. समोरचे पाटील आले, मागच्या गल्लीतल्या बौद्ध वस्तीतले निवृत्त पोस्टमास्तर सहकुटुंब आले, शिरपूरची नणंद आली, नशिराबादहून नानांचे साडू भरताची वांगी घेऊन आले. चोपड्याचा ठिबकवालाही आला. खोलीत सतरंज्या, सतरंज्यांवर माणसं, उरलेली माणसं जिन्यावर आणि गच्चीवर. कुणाच्या फोनला रेंज मिळेना, तेव्हा नानांनी आपल्या वायफायचा पासवर्ड भोंग्यावरच्या आवाजात साऱ्या घराला सांगितला. त्यांच्या तोंडून तो आवाज आम्ही कित्येक वर्षांनी ऐकला.

जाहिरात लागली. आधी नानांचा आवाज, मग त्या दुसऱ्याचा. पडद्याच्या खाली दोन पट्ट्या, एक पिवळी नानांची, एक निळी त्याची. "दाबा!" पोस्टमास्तर ओरडले, आणि घरभर बोटं हलली. मीही दाबलं. प्रत्येकाच्या फोनवर आलं, "आपलं मत पोचलं, धन्यवाद." निळी पट्टी हळूहळू पुढे सरकत होती. पिवळी तिच्या जरा मागे येऊन अडली होती.

"अरे, हलत का नाही?"

"पाटीलभाऊ, तुम्ही निळं दाबलं काय?"

"मी? नानांचं मीठ खाल्लंय मी! तुमचंच बोट जाड आहे, बघा."

पुन्हा दाबलं, पुन्हा धन्यवाद. वेळ संपली. निळी पट्टी थोडक्यात जिंकली. कुणी कुणाकडे बघेना. नानाच पहिले उठले आणि म्हणाले, "चला, पानं घ्या. भाकरी गार होतेय."

दुसऱ्या दिवशी दुकानाचा मुलगा धावत आला. रात्रभर विचार करून त्यानं केबलवाल्याला विचारलं होतं. "नाना, घोळ झाला. एकाच माणसानं दहादा दाबू नये म्हणून ते यंत्र एका वायफायवरून आलेलं एकच मत धरतं. तुमच्या घरातून जेवढी आली तेवढी सगळी मिळून एक मत झालं."

नानांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. "म्हणजे त्याला वाटलं की आम्ही बठ्ठे, सगळेच्या सगळे, एकाच घरचे?"

"हो ना. मी पुढच्या रविवारी परत लावतो. तुम्ही नक्की जिंकाल. फक्त सगळ्यांना सांगा, आपापल्या घरी बसून दाबा. तुमच्याकडे येऊ नका, एवढंच."

नानी लगेच म्हणाली, "मंग सांगा ना. एक ऐतवार आपापला घर बठा म्हना. त्यामा काय शे?" एक रविवार लोकांनी आपापल्या घरी बसावं, त्यात काय मोठं, असं तिचं म्हणणं. मलाही ते पटलं.

"माझ्यासाठी आलेल्या माणसाला येऊ नको म्हणून सांगू?" नाना म्हणाले. "माझ्या तोंडून ते निघायचं नाही. तूच सांग."

नानी पदर खोचून बाहेर गेली. मी, नाना आणि तो मुलगा आत ऐकत बसलो. समोरच्या पाटलीणबाई ओट्यावर गहू निवडत होत्या. नानी त्यांच्यासमोर उभी राहिली, तिनं घसा साफ केला, इकडचं तिकडचं बोलली, त्यांच्या सुनेची चौकशी केली. मग तिचा आवाज स्पष्ट ऐकू आला, "ऐतवारले भरीत करसू. येशात ना बठ्ठा?"

सगळ्यांना रविवारच्या भरताचं आवतण देऊन ती आत आली ती कुणाकडेही न बघता सरळ स्वयंपाकघरात गेली. नाना त्या मुलाला म्हणाले, "राहू दे रे. त्याला बोलू दे आता. मी पुष्कळ बोललो." मुलगा वाकून त्यांच्या पाया पडला. त्यानं मत पुन्हा लावलं नाही. दिवाळीच्या आधी नवी जाहिरात सुरू झाली. चांगली आहे. साड्या फार सुंदर दिसतात.

पुढच्या रविवारी लोक भरीत खायला आले, आणि त्याच्या पुढच्या रविवारी काही कारण नसताना आले. आता कुणी विचारतही नाही. टीव्ही चालू असतो, फोन दाराशी टोपलीत पडलेले असतात, ठिबकवाला असला तर गच्चीवर केळीचं कौतुक होतं. नाना मधे बसून असतात. पूर्वीसारखे बोलत नाहीत. बहुतेक वेळ ऐकतात, आणि ऐकताना त्यांचा चेहरा असा असतो की जणू ते दुरून येणारं काहीतरी ओळखायचा प्रयत्न करत आहेत. कधी डोळा लागतो. कुणी त्यांना उठवत नाही, आवाज तेवढे खाली येतात.

तेव्हा रेवा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. नानांचा आवाज आता टीव्हीवर लागत नाही. रविवारी संध्याकाळी त्यांच्या घरी माणसं येतात.

तुमची,
आजी